वेब रिस्पॉन्समध्ये मागे कसे जावे: साठा ठेवून स्ट्रीम सीक करण्याजोगी करण्याची कृती

कळमना बाजारातील संत्र्यांच्या आवकेचे आकडे एखाद्या सर्व्हरवर रोज झिप फाईलच्या रूपात ठेवले जातात, असे धरून चालू. ती फाईल उतरवून तिच्यातील आंबिया बहाराचा तक्ता वाचून दाखवा, एवढेच काम नागपुरात आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात देतो. बहुतेकांचा पहिला प्रयत्न सारखाच असतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील अर्ललिब या लायब्ररीने वेबपत्ता उघडायचा आणि हाती आलेला रिस्पॉन्स, म्हणजे सर्व्हरचे उत्तर, जसाच्या तसा झिपफाईल या क्लासकडे सोपवायचा. दोन ओळींचे काम असते आणि ते दुसऱ्या ओळीवर अडते. पडद्यावर शेवटची ओळ येते ती 'फाईल इज नॉट अ झिप फाईल' अशी, त्यामुळे नवखा माणूस साहजिकच पाठवणाऱ्याच्या फाईलवर संशय घेतो. वास्तविक तीच फाईल ब्राउझरने उतरवून डबल क्लिक केली की व्यवस्थित उघडते.

अशा वेळी एरर खालून वर वाचण्याची सवय लावून घ्यावी. त्याच मजकुरात काही ओळी वर 'अनसपोर्टेड ऑपरेशन: सीक' असे लिहिलेले सापडते, आणि खरे दुखणे तेच आहे. झिपफाईलने फाईलच्या शेवटाकडे उडी मारण्याचा प्रयत्न केला, रिस्पॉन्सने ते जमणार नाही असे सांगितले, आणि तो नकार ऐकून झिपफाईलने 'ही झिप नव्हेच' असा निष्कर्ष काढला. पायथनमध्ये अनसपोर्टेड ऑपरेशन हा एरर ओएस-एररच्याच कुळातला असल्यामुळे झिपफाईल त्याला नेहमीच्या वाचन-अपयशात मोजते, म्हणून हा घोटाळा होतो. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. पुढे ती अगदी वेगळ्या कारणासाठी पुन्हा भेटणार आहे.

रिस्पॉन्स मागे का जात नाही

हव्या त्या बाइटवर उडी मारून तेथून वाचू लागणे, याला सीक करणे म्हणतात. डिस्कवरील फाईलमध्ये हे सहज होते, कारण सगळे बाइट आधीच डिस्कवर असतात. वेबवरून येणारे बाइट मात्र जोडणीतून एकामागून एक येतात, ऑपरेटिंग सिस्टीम ते थोडा वेळ आपल्याजवळ ठेवते आणि आपल्या प्रोग्रॅमने ते उचलले की ती जागा पुढच्या बाइटांसाठी मोकळी करते. उचललेला बाइट आपणच टाकून दिला, तर तो कोणाकडेच उरत नाही. ग्रेडिंगच्या पट्ट्यावरून पुढे गेलेले संत्रे पुन्हा पाहायचे असेल, तर ते कोणीतरी क्रेटमध्ये जपून ठेवलेले असावे लागते; पट्टा उलटा फिरत नाही.

यावरून या लेखातील सगळ्या कृतींचे मूळ ध्यानात यावे. जोडणीला मागे जायला शिकवता येत नाही. आलेले बाइट आपल्याजवळ जपून ठेवायचे आणि मागे जाण्याची मागणी आली की त्या साठ्यातून ते द्यायचे, एवढेच आपल्या हाती असते. म्हणून खरा निर्णय साठा किती ठेवायचा, कोठे ठेवायचा आणि केव्हा भरायचा, हा असतो. यालाच कॅशिंग म्हणतात. मी येथे साठा हाच शब्द वापरतो.

पहिली पायरी: आधी विचारून घ्या

बाइट जिच्यातून क्रमाने वाचता येतात अशा वस्तूला स्ट्रीम म्हणतात; फाईल आणि रिस्पॉन्स दोन्ही स्ट्रीमच. पायथनमधील जवळजवळ प्रत्येक स्ट्रीमला सीकेबल नावाची मेथड असते. ती हो किंवा नाही एवढेच सांगते, आणि अर्ललिबचा रिस्पॉन्स नाही म्हणतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीत हेच काम कॅन-सीक नावाची प्रॉपर्टी करते, आणि नकार असतानाही सीक केल्यास नॉट-सपोर्टेड-एक्सेप्शन येते. आपला प्रोग्रॅम कधी डिस्कवरची फाईल घेणार असेल आणि कधी वेबवरची, तर ही चौकशी सुरुवातीलाच करावी. जी स्ट्रीम मुळातच मागे जाऊ शकते, तिच्यासाठी साठा ठेवणे म्हणजे मेमरीची निव्वळ नासाडी.

दुसरी पायरी: लहान मजकूर सरळ मेमरीत घ्या

रिस्पॉन्स पूर्ण वाचावा, मिळालेले बाइट बाइट्स-आयओ या क्लासमध्ये घालावेत आणि मग ती वस्तू झिपफाईलला द्यावी. दोन ओळींच्या तीन ओळी होतात आणि काम चालते. मजकूर काही एमबीचा आहे आणि प्रोग्रॅम एकच माणूस वापरणार आहे, अशा ठिकाणी याहून हुशारी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हाच प्रोग्रॅम उद्या सर्व्हरवर गेला, फाईल ६०० एमबीची झाली आणि दहा जणांनी ती एकाच वेळी मागितली, तर नुसत्या साठ्यालाच ६ जीबी मेमरी लागेल.

तिसरी पायरी: साठा मोठा झाला की डिस्कवर उतरवा

यासाठी पायथनच्या टेम्पफाईल मोड्यूलमध्ये स्पूल्ड-टेम्पररी-फाईल नावाचा क्लास आहे. आपण ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत तो बाइट मेमरीत ठेवतो आणि मर्यादा ओलांडताच सगळे डिस्कवरील तात्पुरत्या फाईलमध्ये हलवतो. ती फाईल बंद केली की आपोआप पुसली जाते. मर्यादा स्वतः द्यावी लागते, ती न दिल्यास मूळ मूल्य शून्य असते आणि त्याचा अर्थ 'मर्यादाच नाही' असा होतो. पुष्कळ जण येथे चुकतात आणि सगळा साठा मेमरीतच राहिल्याचे त्यांना फार उशिरा कळते. मी साधारणपणे ५ एमबीपासून सुरुवात करतो. डॉटनेटमध्येही अशीच सोय सर्व्हरकडे येणाऱ्या रिक्वेस्टसाठी तयार मिळते: एनेबल-बफरिंग ही मेथड बोलावली की ३० केबीपर्यंतचा मजकूर मेमरीत राहतो आणि त्यापुढचा डिस्कवर जातो.

रिस्पॉन्समधील बाइट या फाईलमध्ये ओतण्यासाठी शटिल मोड्यूलमधील कॉपी-फाईल-ऑब्जेक्ट वापरावे, कारण ते तुकड्यातुकड्याने काम करते. ओतून झाल्यावर शून्यावर सीक करायला विसरू नका. लिहून झाल्यावर फाईलमधली जागा शेवटाशी असते आणि तेथून वाचायला लागल्यास काहीच मिळत नाही, एररसुद्धा येत नाही.

येथे एक जुना काटा आहे. ३.११ या आवृत्तीपूर्वीच्या पायथनमध्ये स्पूल्ड-टेम्पररी-फाईलला सीक करता येत असे, पण सीकेबल ही मेथडच तिच्यात नव्हती, त्यामुळे झिपमधील एखादी फाईल उघडताना झिपफाईल अडखळत असे. एखाद्या जुन्या सर्व्हरवर तुम्हाला हे दिसले, तर स्वतःच्या चुका शोधत दुपार घालवू नका.

चौथी पायरी: लागेल तेवढेच आणणारा साठा

वरच्या दोन्ही पद्धतींत आधी सगळे उतरवावे लागते. पण कित्येकदा फाईलचा आरंभ पाहून ती कोणत्या प्रकारची आहे एवढेच ओळखायचे असते आणि मग पुन्हा शून्यावर येऊन ती योग्य त्या वाचकाकडे सोपवायची असते. पीएनजी चित्राची ओळख पहिल्या ८ बाइटांत पटते. त्यासाठी सबंध चित्र ओढणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी स्वतःचा छोटा क्लास लिहावा. तयार ओळी उतरवून घेण्यापेक्षा कृती समजून स्वतः लिहिली, तर ती लक्षात राहते, म्हणून येथे मी कृती शब्दांत देतो. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीतही चालतात, तेव्हा पुढील नावे तशीच वापरायला हरकत नाही.

क्लासजवळ चार गोष्टी असाव्यात. स्रोत म्हणजे मूळ रिस्पॉन्स, साठा म्हणजे तात्पुरती फाईल, आले म्हणजे आतापर्यंत स्रोतातून आणलेल्या बाइटांची संख्या, आणि जागा म्हणजे वाचक सध्या जेथे आहे तो बाइट. हा क्लास आयओ मोड्यूलमधील रॉ-आयओ-बेसपासून तयार केल्यास रीडेबल, सीकेबल, सीक, रीड-इन्टू आणि क्लोज एवढ्याच मेथड आपल्याला लिहाव्या लागतात. रीड आणि टेल या मेथड पाया-क्लास यांच्याच आधारे पुरवतो.

आता आकड्यांसह पाहू. आरंभी आले आणि जागा दोन्ही शून्य आहेत. वाचक ८ बाइट मागतो. ० + ८ म्हणजे ८ पर्यंतचे बाइट साठ्यात हवेत, आणि आले तर शून्य आहे, म्हणून स्रोताकडे ८ बाइट मागायचे. स्रोताने एका खेपेत ५ च दिले, तर ते साठ्यात लिहून उरलेल्या ३ साठी पुन्हा मागायचे. मागितले तेवढे एका दमात मिळेलच असे गृहीत धरणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. शून्य बाइट मिळाले, तरच स्रोत संपला असे मानायचे. आता आले ८ झाले, साठ्यातून ८ बाइट वाचून दिले आणि जागाही ८ झाली. वाचक शून्यावर सीक करतो. येथे फक्त जागा शून्य करायची, स्रोताला हातही लावायचा नाही. पुढे तो १००० वर सीक करतो; तेव्हाही फक्त जागा बदलायची. त्याने तेथून २४ बाइट मागितले की मग मात्र १०२४ पर्यंतचे, म्हणजे आणखी १०१६ बाइट आणावे लागतात, जरी त्यांतील बहुतेक त्याला नको असले तरी. उडी मारणे फुकट आहे, वाचणे विकत आहे.

याच कृतीत एक दोष हमखास शिरतो, आणि तो शांतपणे डेटा बिघडवतो म्हणून त्याकडे जरा निरखून पाहू. साठ्याच्या फाईलला वाचण्यासाठी एक आणि लिहिण्यासाठी दुसरी अशा दोन खुणा नसतात, एकच असते. समजा आले ८ आहे, वाचक शून्यावर येऊन ४ बाइट वाचतो आणि फाईलमधील खूण ४ वर राहते. आता तो आणखी १२ बाइट मागतो. त्यासाठी १६ पर्यंतचे हवेत, म्हणून स्रोतातून ८ नवे बाइट येतात, आणि आपण ते सरळ लिहून टाकले तर ते ८ पासून न जाता ४ पासून लिहिले जातात. चौथा ते सातवा हे चार मूळ बाइट पुसले जातात, फाईल १२ बाइटांचीच राहते आणि आले मात्र १६ म्हणते. कोठेही एरर येत नाही. चित्र असेल तर अर्धे रंगीबेरंगी पट्टे दिसतात आणि तक्ता असेल तर त्याहून वाईट, कारण आकडे खरे वाटतात. उपाय एका ओळीचा आहे: साठ्यात लिहिण्यापूर्वी दर वेळी आले या बाइटवर सीक करायचे आणि वाचण्यापूर्वी दर वेळी जागा या बाइटवर. खूण योग्य ठिकाणी 'असेलच' असे कधीही धरू नये. एकाहून अधिक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे भाग, हा साठा वापरणार असतील, तर सीक, लेखन आणि वाचन मिळून एकच कुलूप लावावे, तिघांना वेगवेगळे नव्हे.

पाचवी पायरी: शेवटाकडून मोजलेली उडी

सीक तीन प्रकारे मागता येते: आरंभापासून, सध्याच्या जागेपासून आणि शेवटापासून. पहिल्या दोहोंत वर पाहिल्याप्रमाणे फक्त जागा बदलते. शेवटापासून मोजायचे तर शेवट कोठे आहे हे माहीत हवे, आणि सर्व्हरने लांबी आगाऊ सांगितली नसेल, तर स्रोत संपेपर्यंत वाचण्यावाचून ते कळत नाही. चंक्ड, म्हणजे तुकड्यातुकड्यांच्या, पद्धतीने पाठवलेल्या रिस्पॉन्सला लांबीचे हेडर (मजकुराआधी येणारी माहितीची ओळ) नसतेच. कंटेंट-लेंग्थ हे हेडर असले, तर तो आकडा शेवट म्हणून वापरता येतो, पण मजकूर जीझिपने दाबून पाठवलेला नसेल तरच, कारण दाबलेल्या मजकुराच्या बाबतीत हेडर दाबलेली लांबी सांगते आणि उलगडून वाचणाऱ्याला ती निरुपयोगी असते. अर्ललिब स्वतःहून दाबलेला मजकूर मागत नाही. रिक्वेस्ट्स ही लोकप्रिय लायब्ररी मागते, आणि तिच्या रिस्पॉन्समधील रॉ ही स्ट्रीम थेट घेतली तर बाइट दाबलेलेच मिळतात. रॉ वापरायचीच असेल, तर आधी तिची डीकोड-कंटेंट ही खूण चालू करावी.

आता पुन्हा आपल्या झिपकडे वळू. झिप फाईलची अनुक्रमणिका शेवटी असते. तिचा पत्ता सांगणारी नोंद किमान २२ बाइटांची असून तिच्यामागे ६५,५३५ बाइटांपर्यंतची टिप्पणी असू शकते. म्हणून झिपफाईल पहिलीच उडी शेवटाकडे मारते आणि तेथे वाचू लागते, म्हणजेच आपला लागेल तेवढेच आणणारा साठा पहिल्याच क्षणी सगळी फाईल ओढून घेतो. चौथ्या पायरीवर घेतलेली मेहनत झिपसाठी वाया जाते! तक्ते साठवण्याच्या पार्के या फाईल प्रकाराची तीच गत आहे, तिची तळटीप अगदी अखेरीस असते. पीडीएफमध्येही मजकुराच्या पत्त्यांची दिशा शेवटीच मिळते. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाईल तर आतून झिपच असते. अशा फाईलींसाठी तिसरी पायरीच योग्य आणि चौथी पायरी आरंभ पाहून निर्णय घेणाऱ्यांसाठी, ही वाटणी कामाला लागण्यापूर्वीच करावी.

सहावी पायरी: अर्धवट आलेला मजकूर ओळखा

येथे माझी एक फजिती सांगणे भाग आहे. रात्री आपोआप चालणारा आमचा एक प्रोग्रॅम सकाळी 'फाईल इज नॉट अ झिप फाईल' असे म्हणून थांबलेला सापडला. सीकचा प्रश्न मी केव्हाच सोडवला होता, साठा होता, म्हणून या खेपेस फाईलच खराब आहे असे मी ठामपणे ठरवले आणि पलीकडच्या मंडळींना ती तपासायला दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्यांनी नम्रपणे कळवले की फाईल ठीक आहे. दुपारी साठ्यातील बाइट मोजले, तेव्हा हेडरने जाहीर केलेल्या लांबीपेक्षा ते बरेच कमी निघाले. जोडणी मध्येच बंद झाली होती, माझ्या क्लासने शून्य बाइट मिळताच स्रोत संपला असे मानले होते, आणि शेवटची अनुक्रमणिकाच न पोहोचल्यामुळे झिपफाईलने तेच जुने वाक्य ऐकवले होते.

दोष भाषेचाही थोडा आहे, पण जबाबदारी आपली आहे. लांबी जाहीर झालेली असताना अर्ललिबच्या रिस्पॉन्समधून तुकड्यांनी वाचले आणि जोडणी वेळेआधी तुटली, तर ते तक्रार करत नाही, रिकामे बाइट देऊन गप्प बसते. कॉपी-फाईल-ऑब्जेक्टही तुकड्यांनीच वाचत असल्यामुळे तिसऱ्या पायरीलाही हा धोका आहे. म्हणून स्रोत संपल्याचे दिसताच आले हा आकडा कंटेंट-लेंग्थशी ताडून पाहावा, आणि तो कमी भरल्यास आपणच स्पष्ट शब्दांत एरर द्यावा.

साठ्याला पर्याय

सर्व्हरची तयारी असेल, तर फाईलचा हवा तेवढाच भाग मागता येतो. ॲक्सेप्ट-रेंजेस या हेडरमध्ये बाइट्स असे लिहिलेले असल्यास ही सोय आहे असे समजावे. मग झिपचे फक्त शेवटचे ६५,५५७ बाइट मागवून त्यांतच अनुक्रमणिकेचा पत्ता शोधता येतो आणि पुढे हव्या त्या तक्त्याचे बाइट तेवढे आणता येतात. दोन गोष्टी जपाव्यात. ० ते १०२३ अशी मागणी १०२४ बाइटांची असते, कारण दोन्ही टोके धरली जातात. आणि उत्तराचा क्रमांक २०६ आहे की नाही हे पाहिल्याशिवाय आलेल्या बाइटांवर विश्वास ठेवू नये. सर्व्हर रेंजकडे दुर्लक्ष करून २०० क्रमांकासह सबंध फाईल पाठवू शकतो, आणि तसे करण्याचा त्याला अधिकार आहे. दोन मागण्यांच्या मध्ये फाईल बदलण्याची शक्यता असेल, तर पहिल्या उत्तरातील ईटॅग, म्हणजे फाईलच्या त्या आवृत्तीची ओळखखूण, इफ-रेंज या हेडरमधून परत पाठवावा. मोठ्या फाईलीतला थोडा भाग हवा असताना मी हीच वाट धरतो, पण प्रत्येक उडीला एक नवी फेरी पडते, त्यामुळे सगळीकडे उड्या मारणाऱ्या वाचकासाठी साठाच स्वस्त पडतो.

सातवी पायरी: तपासणी

खऱ्या सर्व्हरवर तपासू नका, कारण तेथे चुका रोज वेगळ्या दिसतात. कितीही मागितले तरी एका खेपेत जास्तीत जास्त ७ बाइट देणारा आणि सीकला नकार देणारा एक खोटा स्रोत लिहावा. तोच मजकूर एका बाइट्स-आयओमध्येही ठेवावा. मग दोघांवर यादृच्छिक क्रमाने सीक आणि रीड यांची तीच मालिका चालवून प्रत्येक उत्तर सारखे येते का ते पाहावे: शेवटाच्या पलीकडे सीक करून वाचणे, शून्य बाइट मागणे आणि मागे जाऊन साठ्याच्या सीमेवरून पुढे वाचणे हे तीन प्रकार त्यात आवर्जून असू द्यावेत. एका खुणेचा वर सांगितलेला दोष या तिसऱ्या प्रकारातच पकडला जातो. जाहीर लांबीपेक्षा अलीकडेच संपणारा आणखी एक खोटा स्रोत ठेवून सहाव्या पायरीचा एररही तपासावा.

क्लोज ही मेथड लिहिताना साठा आणि स्रोत दोन्ही बंद करावेत आणि शेवटी पाया-क्लासची क्लोज बोलवावी. साठा बंद न केल्यास तात्पुरत्या फाईली डिस्कवर जागा अडवून बसतात, आणि स्रोत बंद न केल्यास जोडणी उघडी राहते. चौथ्या पायरीच्या साठ्याबाबत तर हे अधिकच जाणवते, कारण तेथे वाचकाचा वेग हाच जोडणीचा वेग होतो. गेल्या तुकडीतील एका मुलाने डीबगरमध्ये प्रोग्रॅम थांबवला, तर्री पोहे खाऊन अर्ध्या तासाने परत आला आणि पुढची ओळ चालवताच त्याला जोडणी तुटल्याचा एरर मिळाला. तोवर वाट पाहून सर्व्हर निघून गेला होता. वाचक असा रमतगमत वाचणारा असेल, तर आधी सगळा साठा भरून स्रोत लगेच बंद करावा आणि मग त्याला हवे तितका वेळ वाचू द्यावे.